आई आकडे शिकली
(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



मी ३८ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. माझे स्वतःचे शिक्षण म्हणाल तर १९७५ सालची जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, आणि त्यावर शिक्षकाचा अभ्यासक्रम. मी डॉक्टर नाही. तरी आज एका आजाराविषयी बोलणार आहे. तो माझ्या आईला झाला होता.

साक्षरतेच्या वर्गात आजाराचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. थोडा धीर धरा. या आजारात माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक शिकलेल्या माणसाची होती. म्हणून ती तुमच्यापुढेच सांगायला हवी.

आजार कसा आला

२०१७ सालचा श्रावण होता. आम्ही सांगोला तालुक्यातले. आई तेव्हा ७४ वर्षांची होती. अंगाने काटक. पहाटे उठून सडा टाकायची, शेळ्यांना पाला घालायची. दर आषाढीला पंढरपूरला पायी जायची.

त्या श्रावणात ती अंगणात गेली तरी धापा टाकू लागली. मिश्री लावताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. पोटऱ्यांवर मोहरीएवढे तांबडे ठिपके दिसू लागले. दाराची कडी हाताला नुसती लागली, तरी तिथे काळानिळा डाग पडायचा.

मी म्हणालो, "आई, वय झालं आता." गावाने माया केली. कुणी बीट आणले, कुणी खजूर आणला, कुणी बागेतली डाळिंबे आणून दिली. रक्त वाढेल म्हणाले. एका दवाखान्यात लोहाचे टॉनिक मिळाले आणि कमरेत इंजेक्शन दिले. इंजेक्शनच्या जागी रक्त साकळून संत्र्याएवढी गाठ आली. तेव्हा कुठे रक्त तपासले.

हिमोग्लोबिन निघाले ५.२. बायकांचे ते १२ च्या आसपास किंवा वर असावे लागते. पांढऱ्या पेशी १,९००. त्या ४,००० च्या खाली जाऊ नयेत. आणि प्लेटलेट ११,०००. त्या दीड लाखाच्या वर हव्यात.

आम्हाला पुण्याला पाठवले. तिथे कमरेच्या हाडातून सुईने मगज काढून तपासला. त्यासाठी संमतीचा कागद होता. आईला सही येत नव्हती. मीच तिचा अंगठा धरला, शाईला लावला आणि कागदावर टेकवला. कागदात काय लिहिले आहे, ते मी वाचले होते. तिला वाचून दाखवले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

हाडांच्या आतली रोपवाटिका

आजाराचे नाव अप्लास्टिक ॲनिमिया. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

आपल्या हाडांच्या आत मऊ मगज असतो. ती रक्ताची रोपवाटिका समजा. तिथे तीन प्रकारची रोपे तयार होतात. तांबड्या पेशी अंगभर प्राणवायू वाहून नेतात. त्या कमी झाल्या की धाप लागते. पांढऱ्या पेशी राखणदार आहेत. त्या कमी झाल्या की रोगजंतूंना घर मोकळे. प्लेटलेट म्हणजे बांध घालणारे गडी. नस फुटली की ते धावतात आणि रक्त थांबवतात. ते कमी झाले की हिरड्यांतून, नाकातून, कातडीखाली रक्त झिरपते.

या आजारात रोपवाटिकाच ओसाड पडते. पुष्कळदा कारण असे असते की शरीराचे राखणदारच चुकतात. परका चोर सोडून ते आपलीच रोपे उपटू लागतात. ते का चुकले, हे बहुतेक वेळा सापडत नाही. काही औषधे, बेंझीनसारखी रसायने, काविळीनंतरचा बिघाड, किरणांचा मारा, अशी कारणे कधी कधी निघतात. डॉक्टरांनी आम्हाला डाळिंबाच्या फवारणीविषयीही विचारले. पण बोट दाखवता येईल असे काही निघाले नाही.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. हा आजार लागट नाही. रुग्णाजवळ बसल्याने तो होत नाही. आणि हा साध्या पंडुरोगासारखा लोहाच्या कमतरतेचा आजार नाही. जिथे रोपवाटिकाच ओसाड आहे, तिथे नुसते खत टाकून काय उगवणार? बीट, खजूर चवीला खावेत. त्यांनी हा आजार हटत नाही. उलट रक्ताच्या पिशव्यांतून अंगात लोह साठत जाते. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. ते शरीराबाहेर टाकायची वाट शरीराजवळ नाही. फार साठले तर काळीज आणि यकृत बिघडते. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहाचे औषध घेऊ नये.

मी आईला काय सांगितले नाही

पुण्याच्या डॉक्टरांनी मला सर्व समजावून दिले. मी वहीत टिपून घेतले. ताप १००.४ च्या वर गेला तर एक तासही दवडायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही, कारण तिने रक्तस्राव वाढतो. कमरेत, दंडात इंजेक्शन नाही. मिश्री बंद, मऊ ब्रश. पाणी उकळून. अन्न ताजे आणि गरम. कच्ची कोशिंबीर नको, उघड्यावरचा रस नको. गोठ्यात जायचे नाही, बुरशी आलेल्या कडब्याला हात लावायचा नाही, कारण त्या बुरशीची धूळ फुप्फुसात गेली तर पांढऱ्या पेशींवाचून तिला अडवणार कोण?

हे सगळे माझ्या वहीत होते. माझ्या बायकोला मी ते सांगितले. बहिणीला फोनवर सांगितले. आईला मात्र म्हणालो, "थोडं रक्त कमी आहे. गोळ्यांनी भरून निघंल."

आई विचारायची, "किती कमी हाय?"

"थोडंसं."

"आन् मला गोठ्यात का जाऊ दीना तुझी बायकू?"

"विश्रांती घ्यायला सांगितलीय डॉक्टरांनी."

अहवाल माझ्या सदऱ्याच्या खिशात असायचा. ती त्या खिशाकडे बघायची. मला वाटे, मी तिचे दुःख वाचवतो आहे. तिच्या जीवाला घोर नको. खरे सांगू का? घोर मलाच होता. तो तोंडाने उच्चारायची माझी ताकद नव्हती. आणि आईला काय कळणार, हेही मनात कुठेतरी होतेच. लोकांच्या पोरांना शिकवण्यात जन्म घालवला, पण आपल्या आईला अंक शिकवावेत हे मला ३८ वर्षांत सुचले नाही.

ती रात्र

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री आईला थंडी वाजून आली. तिने कुणाला उठवले नाही. लेकीबाळी घरात, पोरे दमून झोपलेली. थोडे रक्त कमी असलेल्या म्हातारीला ताप आला तर त्यात घरदार जागे करण्यासारखे काय? शेजारच्या बाईने पूर्वी दिलेली अंगदुखीची गोळी तिच्या पिशवीत होती. ती तिने घेतली. गोधडी ओढून पडून राहिली.

सकाळी माझी बायको चहा घेऊन गेली आणि ओरडतच बाहेर आली. आईला १०३ ताप. ओठ सुजलेले, तोंडात रक्ताच्या गुठळ्या. शुद्ध धड नव्हती.

गाडी करून सोलापूरला नेले. सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता. तो मी कसा काढला, मला माहीत. नऊ दिवस ती तिथे होती. शिरेतून औषधे चालू होती. प्लेटलेटच्या पिशव्या, रक्ताच्या पिशव्या चढत होत्या. तिसऱ्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, ताप आला तर काय करायचं, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होय."

"पण ताप तुम्हाला आला नव्हता. आजींना आला होता. त्यांना कुणी सांगितलं होतं?"

मी वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखा उभा राहिलो. उत्तर नव्हते.

आईची पाटी

आई शुद्धीवर आली. ताप उतरला. मग मी तिच्या खाटेशी बसलो आणि सगळे सांगितले. रोपवाटिकेची गोष्ट सांगितली, आकडे सांगितले. जिवाला धोका आहे, हेही सांगितले. वाटले होते, ती रडेल.

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी मी गोळी खाल्ली, ती माझ्या जिवावर बेतली व्हती."

"होय आई."

"मला ठावं असतं तर खाल्ली नसती."

बस्स, एवढेच. तिने मला एक शब्द लावला नाही. पण ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मला आकडं शिकीव."

मी पाटी आणली. आईला पैशाचा हिशेब तोंडी यायचा. नोटा रंगावरून ओळखायची. बाजारात तिला कुणी फसवू शकत नव्हते. पण आकडा लिहिलेला कळत नव्हता. तापमापकावर आणि अहवालावर इंग्रजी आकडे असतात, म्हणून आम्ही तेच घेतले. शून्यापासून नवापर्यंत दहा आकडे. रोज दोन. सहाव्या दिवशी तिने काखेतला तापमापक स्वतः काढला, लांब धरला, जवळ धरला आणि वाचला, "नऊ, आठ, टिंब, सहा."

मी म्हणालो, "अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा."

ती म्हणाली, "त्ये तू म्हण. मला कळलं, ताप न्हाई."

मग तीन अक्षरे. 'हि' म्हणजे हिमोग्लोबिन, 'पां' म्हणजे पांढऱ्या पेशी, 'प्ले' म्हणजे प्लेटलेट. एका शंभर पानी वहीत मी रेघा मारून दिल्या. रोजचा ताप दोन वेळा ती लिही. रक्ताचा अहवाल आला की त्यातले तीन आकडे ती हुडकून काढी आणि वहीत उतरवी. अक्षर वाकडे होते. पण वही तिची होती. माझ्या खिशातला कागद तिच्या हातात गेला, तेव्हा घरातली कुजबुज थांबली. सून आणि सासू मोकळेपणाने बोलू लागल्या. शेजारीण गोळी द्यायला आली, तर आईच म्हणायची, "बाई, ही मला चालत न्हाई."

आईचा निर्णय

नोव्हेंबरात पुण्याला गेलो. या वेळी डॉक्टर आईशी बोलले. मी गप्प बसलो.

ते म्हणाले, "आजी, तरुण माणसाला भावा-बहिणीचा मगज जुळला तर तो बसवतात. तुमच्या वयाला ते झेपणार नाही. दुसरं एक औषध आहे. ते घोड्याच्या रक्तातून काढलेलं असतं. चुकलेल्या राखणदारांना ते एकदम खाली बसवतं. पण काही आठवडे दवाखान्यात राहावं लागेल, आणि जंतूंची भीती मोठी. तिसरा मार्ग गोळ्यांचा. तो सौम्य आहे. गुण येण्याची शक्यता थोडी कमी. तीन ते सहा महिने वाट पाहावी लागेल."

आईने विचारले, "गोळ्या घरी ऱ्हाऊन?"

"घरी राहून. पण दर आठवड्याला रक्त तपासायचं."

"मग गोळ्या."

सप्टेंबरपासून चालू असलेली सायक्लोस्पोरिन पुढे चालू ठेवली आणि तिच्या जोडीला एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळी दिली. पहिले औषध चुकलेल्या राखणदारांना शांत करते. दुसरे रोपवाटिकेला जागे करते.

औषधांचे नियम कडक होते. सायक्लोस्पोरिन बारा बारा तासांनी, घड्याळ लावून. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी आधी घ्यायची नाही. रक्त देऊन झाल्यावर घ्यायची, नाहीतर रक्तातले औषधाचे प्रमाण चुकीचे दिसते. पपनस खायचे नाही, त्याने हे औषध रक्तात वाढते. मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर लक्ष. आईचे हात थरथरू लागले, हिरड्या सुजल्या, गालावर लव वाढली. गालांवरून हात फिरवून ती म्हणाली, "आता मिशा तेवढ्या राहिल्या."

एल्ट्रोम्बोपॅगचा नियम आईला सर्वांत जड गेला. ती रिकाम्या पोटी घ्यायची. तिच्या आधी चार तास आणि नंतर दोन तास दूध, दही, दुधाचा चहा काही चालत नाही, कारण दुधातला चुना गोळीला धरून ठेवतो. आई तर पहाटे चहावाचून डोळे न उघडणारी. शेवटी तिनेच तोडगा काढला. पहाटे चारला उठून गोळी, आणि सहाला चहा. तोपर्यंत काकडा म्हणत बसायची.

इथे एक गोष्ट बोलून दाखवतो. सेवा मी केली, असे लोक म्हणतात. मी गाडी, कागद आणि पैसा बघितला. उकळलेले पाणी, तीनदा ताजे अन्न, रात्री उठून कपाळाला हात लावणे, हे माझ्या बायकोने केले. वर्षभरात तिचे वजन सात किलो उतरले, ते माझ्या वहीत कुठेच नव्हते. मग बहिणीने महिन्यातले दहा दिवस स्वतःकडे घेतले. असा आजार लांबतो. एकाच बाईच्या पाठीवर तो टाकू नये. पाळी लावावी.

रक्ताचा हजेरीपट

गोळ्यांना गुण येईपर्यंत दुसऱ्यांच्या रक्तावर जगायचे होते. तांबड्या रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढते. आईला महिन्याला दोन-तीन पिशव्या लागत. प्लेटलेटची गोष्ट आणखी निकडीची. त्या साठवल्या तर पाचच दिवस टिकतात.

आपल्या देशात रक्त विकण्यास १९९८ सालापासून बंदी आहे. रक्तपेढी तपासणीचा आणि प्रक्रियेचा खर्च घेते, रक्ताची किंमत नव्हे. म्हणजे रक्त माणसांनीच द्यायचे. मी जुने हजेरीपट आठवले आणि माझे विद्यार्थी गोळा केले. कुणी ट्रॅक्टर चालवतो, कुणाचे किराणा दुकान, कुणी एस.टी.त वाहक. वहीत नाव, रक्तगट, रक्त दिल्याची तारीख आणि पुन्हा देता येईल ती तारीख लिहिली. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या खाली नको, हिमोग्लोबिन निदान १२.५. शाळेत सदा गैरहजर राहणारा एक पोरगा होता. त्याने एकही पाळी चुकवली नाही.

पिशवीवर गट, नंबर आणि तारीख असते. आई आता ते वाचायची. एकदा म्हणाली, "ह्याच्यावर जात लिवलेली न्हाई." आमच्या घरी पूर्वी कुणाच्या हातचे पाणी चालत नसे, ते मला आठवले. तिलाही आठवले असावे. पुढच्या आठवड्यात तिने त्या सगळ्या पोरांना जेवायला बोलावले. स्वतःच्या हाताने वाढता येत नव्हते. खाटेवर बसून प्रत्येकाला "आणखी घे" म्हणत राहिली.

२०१८ च्या आषाढीला ती वारीला गेली नाही. गर्दीत जंतूंचे भय होते. आमच्या रस्त्याने दिंड्या चालल्या होत्या. तिने दारात खुर्ची मागवली, तोंडाला फडके बांधले आणि लांबूनच हात जोडले. "जाऊ नको" असे मला म्हणावे लागले नाही. आदल्या दिवशीच्या पांढऱ्या पेशी तिने स्वतः वाचल्या होत्या.

वहीतले आकडे हळूहळू चढत होते. मार्चमध्ये प्लेटलेट ३८,००० झाल्या. डिसेंबरापर्यंत रक्ताची पिशवी लागेनाशी झाली. हिमोग्लोबिन ९ वर टिकले. त्या वेळी पुण्यात एका कागदावर संमती हवी होती. मी पेन काढले. आईने ते माझ्या हातून घेतले. कागद वाचून दाखवायला सांगितले. मग सही केली.

मादाम क्यूरी आणि त्यांची लेक

याच गटातल्या आजाराने जगातली एक मोठी शास्त्रज्ञ बाई गेली. मेरी क्यूरी. त्यांनी आणि त्यांच्या पतीने १८९८ साली रेडियमचा शोध लावला. त्यांना १९०३ आणि १९११ अशी दोन नोबेल पारितोषिके मिळाली. वर्षानुवर्षे किरणांजवळ काम करून त्यांच्या हाडांतला मगज निकामी झाला. १९३४ साली, ६६ व्या वर्षी, त्या अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांना आधी फुप्फुसाचा क्षय वाटला. धाकटी मुलगी इव्ह त्यांना डोंगरातल्या आरोग्यधामात घेऊन गेली. तिथे रक्त तपासल्यावर कळले की तांबड्या आणि पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरत आहेत.

३ जुलैच्या सकाळी त्यांनी थरथरत्या हाताने तापमापक धरला आणि स्वतः वाचला. ताप उतरला होता. त्या आनंदल्या. तो उतार शेवटच्या आधीचा होता, पण इव्हने त्यांना सांगितले की आता तुला बरे वाटणार. दुसऱ्या दिवशी त्या वारल्या. इव्हने पुढे आईचे चरित्र लिहिले आणि त्यात हे सांगितले आहे.

मी त्या मुलीला दोष देत नाही. त्या काळी या आजाराला औषध नव्हते. आईला करण्यासारखे काही उरले नव्हते. मायेच्या एका शब्दाने काही बिघडले नाही. आज तसे नाही. आज औषध आहे, आणि ते रुग्णाने स्वतः पाळायचे आहे. ताप त्याने ओळखायचा, गोळी त्याने चुकवायची नाही, नको ती गोळी त्याने नाकारायची. आज खोटे बोललो तर त्याची किंमत रुग्ण देतो. माझ्या आईने ती दिली.

शेवटचे पान

आईला पुढे तीन वर्षे बरी गेली. २०२० च्या साथीत आम्ही तिला घराबाहेर पडू दिले नाही. २०२१ च्या शेवटी आकडे पुन्हा उतरू लागले. मूत्रपिंडे थकली होती. औषध वाढवता येईना. आकडे माझ्याआधी तिनेच पाहिले. म्हणाली, "आता पुण्याला नको. धाप लागली तर रक्त द्या. बाकी घरीच ऱ्हाते."

आम्ही बहीण-भाऊ भांडलो. बहीण म्हणाली, "आणखी एक डॉक्टर बघू." आईने तिला वही दाखवली. चार वर्षांचे आकडे होते. "हे बघ," ती म्हणाली, "हितं चढलं, हितं उतरलं. मला कळतंय."

डॉक्टरांना विचारले. त्यांनी तिचे म्हणणे मानले. २०२२ च्या वैशाखात, ७९ व्या वर्षी, ती घरी, आपल्या खाटेवर गेली. वही उशाखाली होती. शेवटच्या पानावर आदल्या दिवशीचा ताप लिहिला होता. त्याच्या पुढे तिने दोन शब्द लिहिले होते. ते मी तिला शिकवले नव्हते. नातीकडून शिकली असावी. 'चहा घेतला.'

मायबाप मंडळींनो, तुमच्यापैकी कुणी म्हणते, आता या वयात शिकून काय नोकरी लागणार आहे? नोकरी नाही लागणार. पण तुमच्या औषधाच्या चिठ्ठीवर काय आहे, तुमच्या अहवालात काय आहे, तुम्ही कशावर अंगठा उठवता, हे तुमचे तुम्हाला कळेल. तुमचा लेक कितीही शहाणा असला तरी त्याच्या खिशातला कागद मागून घ्या. आणि जे लेक इथे बसले आहेत, त्यांनी तो मागायची वेळ आणू नये.

हे ध्यानात ठेवा

१. अंगावर तांबडे बारीक ठिपके, कारण नसता काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त आणि धाप, असे दिसले तर आधी रक्त तपासा.
२. लोहाचे टॉनिक किंवा अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका.
३. या आजारात १००.४ किंवा अधिक ताप म्हणजे तातडी. सकाळची वाट पाहू नका.
४. गोळ्यांच्या वेळा पाळा. गुण यायला महिने लागतात. मधेच सोडू नका.
५. रक्तदात्यांची यादी आधीच करून ठेवा. स्वतःही रक्त द्या.
६. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांची सोय झाली. आमच्या वेळी ती नव्हती. आपला आजार आणि घरी घ्यायच्या गोळ्या त्यात बसतात का, हे रुग्णालयात आधी विचारा.
७. सेवेची पाळी लावा. सेवा करणाऱ्यालाही झोप आणि जेवण लागते.
८. रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती त्याच्या भाषेत द्या. वही त्याच्या हातात द्या.